चालत्या गाडीत क्षणभर सगळे बंद पडते: अधूनमधून येणारा विजेचा बिघाड शोधावा कसा?

सह्यवाट (धागाकर्ता)

आमच्याकडे २०१३ सालची, पेट्रोलवर चालणारी हॅचबॅक आहे. ती आम्ही वापरलेली म्हणून घेतली होती. गेल्या पावसाळ्यापासून तिला एक विचित्र खोड लागली आहे. चालता चालता इंजिन एकाएकी बंद पडते, मीटरचे काटे शून्यावर येतात, स्टिअरिंग जड होते, आणि एक-दोन सेकंदांत सगळे पुन्हा जिवंत होते. गाडी वेगात आणि गिअरमध्ये असली तर इंजिन एक हिसका देऊन आपोआप चालू होते. वेग कमी असला तर मात्र गाडी रस्त्यातच उभी राहते आणि पुन्हा सेल्फ मारावा लागतो. सेल्फ दर वेळी पहिल्या फटक्यात लागतो.

हा प्रकार जवळजवळ नेहमी ताम्हिणी घाटातच होतो. पुण्यात महिनोन्महिने गाडी कुरकुर करत नाही, पण माणगावकडे उतरताना, विशेषतः पाऊस आणि धुके असताना, हमखास एकदा तरी दगा देते. एका वर्कशॉपने आधी बॅटरी बदलली, मग क्रँक सेन्सर (इंजिनचा दांडा फिरतो आहे हे टिपणारा सेन्सर) बदलला. फरक पडला नाही. स्कॅनर लावला तर इंजिनच्या मोड्यूलमध्ये (म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकात) बिघाडाचा एकही कोड साठलेला नाही. ‘आमच्यासमोर बंद पडल्याशिवाय काही सांगता येणार नाही’ असे तिथे सांगतात, आणि त्यांच्यासमोर ती कधीच बंद पडत नाही. वयस्कर आई-वडिलांना घेऊन गावी जावे लागते, त्यामुळे हे अंदाजपंचे सुटे भाग बदलत राहणे मला परवडणारे नाही, पैशानेही आणि जिवानेही. हा दोष पद्धतशीरपणे शोधायचा असेल तर सुरुवात कुठून करावी?

कोकणकाठ

घाट आणि पाऊस हे दोन शब्द एकत्र आले की मी पहिला संशय पाण्यावर घेतो. विंडस्क्रीनच्या खाली, वायपरजवळ जी जाळी असते, तिच्याखालचे पाणी बाहेर जाण्याचे मार्ग पाल्यापाचोळ्याने तुंबतात. मग पाणी आत शिरते आणि डॅशबोर्डखालच्या फ्यूजबॉक्सवर किंवा हार्नेसच्या (तारांच्या जुडीच्या) कपलरवर, म्हणजे तारा जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडावर, ठिबकते. आमच्या रत्नागिरीत, आंब्याच्या झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांमध्ये हे सर्रास आढळते. कपलर उघडला की तांब्यावर हिरवट थर दिसतो. पाय ठेवायच्या जागेचा गालिचा उचलून खाली ओल आहे का ते पाहावे. तिथे कुबट वास येत असेल तर शोध अर्धा झाला असे समजावे.

दुसरा संशय उंदरांवर. उंदीर तार पूर्ण तोडतोच असे नाही. बऱ्याचदा तो फक्त वरचे आवरण कुरतडतो, तार कोरडी असेपर्यंत काम करते आणि ओल लागली की बिघडते. बॉनेटखालच्या हार्नेसला हात लावून, वळणांच्या जागी नीट पाहावे. मल्टिमीटरची शिट्टी वाजवून प्रत्येक तार सलग आहे की नाही, तेही तपासून घ्यावे.

विद्युतमित्र

मी सांगलीत ऑटो इलेक्ट्रिशियनचे काम करतो. वर सांगितलेल्या दोन्ही तपासण्या योग्य आहेत आणि त्या कराव्यातच. फक्त मल्टिमीटरच्या शिट्टीवर विसंबू नये. शिट्टी वाजवण्यासाठी मीटर तारेतून अगदी नगण्य करंट सोडतो. वीस धाग्यांपैकी एकच धागा शिल्लक असला तरी शिट्टी खणखणीत वाजते, पण त्याच तारेवर पाच-सहा अँपिअरचा भार आला की ती हात टेकते. अधूनमधून येणारा दोष नेहमी भाराखाली तपासावा लागतो.

त्याआधी धागाकर्त्यांनी काही प्रश्नांची उत्तरे द्यावीत. आपण सगळे ‘काय बंद पडले’ ते सांगतो, परंतु मला त्याहून जास्त महत्त्वाचे वाटते ते त्या क्षणी ‘काय चालू राहिले’. बंद पडलेल्या वस्तूंची यादी घाबरलेल्या अवस्थेत नेहमीच ‘सगळे’ अशी होते. चालू राहिलेली प्रत्येक वस्तू मात्र आपल्या वाटेवरची एकेक तार, एकेक फ्यूज निर्दोष ठरवून जाते.

घड्याळाची वेळ आणि ट्रिप मीटर शून्यावर जाते का? त्या वेळी गाणी चालू असतील तर ती थांबतात का? एसीचा ब्लोअर थांबतो का? हेडलाइट विझतात का? सगळे परत येते तेव्हा मीटरवर कोणते दिवे लागतात? आणि शेवटचा प्रश्न, ज्याचे उत्तर लोक हमखास द्यायचे राहून जातात: कंपनीतून आल्यानंतर गाडीत बाहेरून काय काय बसवले आहे?

सह्यवाट

या वेळी मुद्दाम भावाला शेजारी बसवून सगळे लिहून घेतले. घाटात दोष पुन्हा आला.

घड्याळ आणि ट्रिप मीटर जसेच्या तसे राहिले. गाणी थांबली नाहीत. ब्लोअरही फिरत राहिला, फक्त हवा काही क्षण थंड येईनाशी झाली. हेडलाइट चालू होते. सगळे परत आले तेव्हा मीटरवर एअरबॅग, एबीएस, ऑइल, बॅटरी असे सगळे दिवे एकदम लागले आणि चावी नव्याने फिरवल्यावर जसे एकेक करून विझतात तसे विझले. भावाने टिपलेली आणखी एक गोष्ट अशी की, हेडलाइटचा पांढरा उजेड रस्त्यावर होता, पण फॉग लॅम्पचा पिवळा उजेड तेवढा वेळ गेला होता.

बाहेरून बसवलेल्या वस्तूंमध्ये म्युझिक सिस्टीम, रिव्हर्स कॅमेरा आणि हे दोन फॉग लॅम्प आहेत. हे सगळे आधीच्या मालकाने बसवलेले आहे. गालिच्याखाली कोरडे आहे आणि बॉनेटखाली कुरतडल्याची खूण नाही.

विद्युतमित्र

आता पुष्कळ गोष्टी उलगडल्या. क्रमाने पाहू.

घड्याळ टिकले, म्हणजे बॅटरीपासून कायम चालू असणारा पुरवठा तुटला नाही. बॅटरीचे टर्मिनल ढिले असते किंवा मुख्य अर्थिंगची पट्टी तुटत असती, तर घड्याळ, गाणी, ब्लोअर आणि हेडलाइट यांपैकी काहीतरी नक्की बिघडले असते. त्यामुळे बॅटरी बदलून उपयोग होणार नव्हता.

क्रँक सेन्सर गरम होऊन मार खातो, हे खरे आहे, आणि तेव्हाही चालते इंजिन बंद पडते. पण तेव्हा आरपीएमचा काटा पडतो आणि ऑइल-बॅटरीचे दिवे लागतात. मीटर स्वतः मरत नाही आणि एअरबॅगचा दिवा नव्याने आपली तपासणी करत नाही. तुमच्या गाडीत मीटर, इंजिन, स्टिअरिंग, एबीएस आणि एअरबॅग या सगळ्यांना चावी बंद करून पुन्हा चालू केल्यासारखे वाटले. इंजिनच्या मोड्यूलमध्ये कोड नाही, याचाही अर्थ हाच लागतो. सेन्सर बिघडला तर मोड्यूल ते पाहते आणि नोंदवते, पण त्याचाच पुरवठा गेला तर नोंद करणार कोण? अशा वेळी नोंद सापडली तर ती कायम पुरवठ्यावर चालणाऱ्या दुसऱ्या एखाद्या मोड्यूलमध्ये सापडते. इंजिनशी संपर्क तुटला, असा यू०१०० हा कोड तिथे असू शकतो. म्हणून फक्त इंजिन वाचणाऱ्या स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरवर समाधान न मानता, सगळी मोड्यूल वाचणारा स्कॅनर लावून घ्यावा.

चावीच्या स्विचमधून साधारणपणे तीन वाटा निघतात. एक गाण्यांसारख्या किरकोळ वस्तूंची. दुसरी ब्लोअर वगैरेंची, जी सेल्फ मारताना मुद्दाम तोडली जाते. सेल्फ मारताना पंखा क्षणभर थांबतो तो याच कारणाने. आणि तिसरी इंजिन, मीटर आणि सुरक्षेच्या उपकरणांची, जी सेल्फ मारतानाही चालू राहावी लागते. गाडीगणिक वाटणी थोडी वेगळी असते, त्यामुळे तुमच्या गाडीचे वायरिंगचे चित्र समोर ठेवावे. तुमच्या बाबतीत पहिल्या दोन वाटा शाबूत आहेत आणि तिसरीच तुटते. फॉग लॅम्पही त्याच क्षणी विझले, म्हणजे त्यांचा पुरवठा कोणीतरी याच तिसऱ्या वाटेवरून काढलेला असावा. हे मला सर्वांत जास्त खटकते.

अक्षांश

चावीला किती वजन आहे? जुडगा जड असेल तर तो आधी उतरवावा. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या शेवरोले कोबाल्ट आणि इतर काही गाड्यांमध्ये नेमका असाच प्रकार होत असे. चावीला त्या त्या जागी धरून ठेवणारी स्विचमधली स्प्रिंग आणि तिचा खटका कमकुवत होता. जड जुडगा, रस्त्यावरचा धक्का किंवा गुडघा लागला तरी चावी फिरून मागच्या जागेवर येई. इंजिन बंद, स्टिअरिंग जड, आणि सर्वांत भयंकर म्हणजे एअरबॅगही निकामी. २०१४ साली कंपनीने या दोषापायी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या आणि नुकसानभरपाईच्या योजनेत १२४ मृत्यू मान्य केले गेले. तो शोध इतका लांबण्याचे एक कारण फार शिकण्यासारखे आहे: २००६ च्या सुमारास स्विचचा खटका गुपचूप सुधारला गेला, पण सुट्या भागाचा क्रमांक तोच ठेवला. त्यामुळे नव्या-जुन्या गाड्यांमधला फरक कागदावर दिसतच नव्हता. अपघातग्रस्त कुटुंबाच्या बाजूने काम करणाऱ्या अभियंत्याने जुना आणि नवा स्विच शेजारी शेजारी उघडून पाहिला, तेव्हा आतला खटका वेगळा असल्याचे उघड झाले.

विद्युतमित्र

हा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि जुडगा उतरवणे आजच करण्यासारखे आहे. मात्र धागाकर्त्यांच्या गाडीत चावी मागे फिरत नसावी, असे मानायला दोन कारणे आहेत. चावी मागच्या जागेवर आली असती तर गाणी चालू राहिली असती, पण ब्लोअर थांबला असता. इथे तो फिरत राहिला. शिवाय मागे आलेली चावी हाताने पुढे केल्याशिवाय पुन्हा जागेवर जात नाही, आणि यांची गाडी आपोआप जिवंत होते. तेव्हा दोष खटक्यात नसून संपर्कात आहे.

रस्ताराजा

एवढा खल कशाला? इग्निशन स्विचचा विजेचा भाग वेगळा मिळतो आणि तो फारसा महागही नसतो. बदलून मोकळे व्हावे.

विद्युतमित्र

सिद्ध झाल्याशिवाय बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोष स्विचच्या आत असू शकतो, त्याच्या कपलरमध्ये असू शकतो, किंवा तिथून फ्यूजबॉक्सपर्यंतच्या तारेत असू शकतो. नवा स्विच बसवताना कपलर काढून पुन्हा घट्ट बसतो, तेवढ्याने दोष काही आठवडे दडून राहतो, आपण निर्धास्त होतो, आणि तो पुन्हा घाटातच उगवतो. अधूनमधून येणाऱ्या दोषात ‘आता येत नाही’ हा पुरावा नव्हे. तो आपल्या हाताने आणता आला पाहिजे आणि आपल्या हाताने घालवता आला पाहिजे.

त्यासाठी एक जुनी पद्धत सांगतो. पाच-पाच वॅटचे तीन छोटे बल्ब घ्यावेत आणि प्रत्येकाला दोन अँपिअरचा फ्यूज लावावा. तिन्हींची अर्थची तार गाडीच्या पत्र्यावर न जोडता थेट बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर न्यावी, म्हणजे पत्र्याच्या अर्थिंगमधला दोष आपली दिशाभूल करणार नाही. पहिला बल्ब चावीच्या स्विचमध्ये येणाऱ्या कायम चालू तारेवर, दुसरा स्विचमधून इंजिनकडे निघणाऱ्या तारेवर, आणि तिसरा त्याच वाटेवरच्या फ्यूजबॉक्समधल्या फ्यूजवर जोडावा. मग गाडी चालवावी आणि शेजारच्या माणसाने फक्त बल्बकडे पाहावे.

दोषाच्या क्षणी पहिलाच विझला तर पुरवठा स्विचच्या आधी तुटतो. पहिला चालू आणि दुसरा विझला तर स्विच किंवा त्याचा कपलर. दोन्ही चालू आणि तिसरा विझला तर मधली तार. तिन्ही चालू राहिले आणि तरी इंजिन गेले, तर आपला आतापर्यंतचा तर्क चुकला. मग रिले (बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि इंजिनच्या अर्थिंगकडे वळावे. तुमचा ब्लोअर आणि गाणी चालू राहतात त्यावरून पहिला विझणार नाही असे मला वाटते, पण काही गाड्यांत स्विचला दोन वेगवेगळ्या तारांनी पुरवठा येतो, म्हणून गृहीत धरू नये.

सावधगिरीचे सांगितलेच पाहिजे. स्टिअरिंगच्या दांड्याजवळ पिवळ्या रंगाच्या तारा आणि कपलर दिसतील, ते एअरबॅगचे असतात. त्यांना मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प कधीही लावू नये. तिथे हात घालण्याआधी बॅटरीचे ऋण टर्मिनल काढून, कंपनीच्या पुस्तिकेत सांगितला असेल तेवढा वेळ थांबावे. ही परीक्षा महामार्गावर करू नये. आणि गाडी चालत असताना बंद पडली तर चावी मागे फिरवून काढण्याचा प्रयत्न करू नये, स्टिअरिंगला कुलूप बसते. ब्रेक दोन-तीन वेळा नेहमीसारखा लागतो, म्हणून तो पुन:पुन्हा न दाबता एकदाच दाबून धरावा, आणि गाडी कडेला घ्यावी. धोक्याचे चारही दिवे कायम पुरवठ्यावर असतात, ते लागतील.

सोल्डर

मी चाकणला वायरिंग हार्नेसच्या क्षेत्रात काम करतो. वरील पद्धतीला एक पुरवणी जोडतो. बल्बची तार जोडताना कपलरच्या समोरच्या भोकात मल्टिमीटरची जाड सुई खुपसू नये. कपलरमधली मादी पिन म्हणजे दोन पातळ पत्र्यांची पकड असते. जाड सुई आत गेली की ते पत्रे फाकतात आणि चांगल्या जोडात आपणच नवा दोष निर्माण करतो. तपासणी नेहमी कपलरच्या मागच्या बाजूने, तार जिथून आत शिरते तिथून, बारीक पिनने करावी.

सह्यवाट

जुडगा उतरवला. परिचयाच्या एका वायरमनला बरोबर घेऊन, बॅटरी सोडवून, तीन बल्ब सांगितल्याप्रमाणे जोडले. घाटात जाण्याआधी एक गोष्ट करून पाहावीशी वाटली. फॉग लॅम्प आम्ही पुण्यात कधीच लावत नाही, घाटातल्या धुक्यातच लावतो. म्हणजे दोषाची सांगड घाटाशी आहे की फॉग लॅम्पशी, हे वेगळे करून पाहिलेच नव्हते. म्हणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पूर्ण कोरड्या दिवशी, इंजिन चालू ठेवून फॉग लॅम्प लावले आणि वाट पाहिली.

बराच वेळ काही झाले नाही. साधारण अर्ध्या तासानंतर वायरमनने स्टिअरिंगखालच्या प्लास्टिकवर पेचकसाच्या मुठीने हलकेच ठोकले, आणि दुसरा व तिसरा बल्ब एकदम विझले, इंजिन बंद पडले, मीटर गेले. पहिला बल्ब जळत होता. पुन्हा ठोकल्यावर सगळे परत आले. फॉग लॅम्प बंद करून गाडी थंड होऊ दिली आणि मग कितीही ठोकले तरी दोष येईना. पुन्हा लॅम्प लावून तापवल्यावर पुन्हा आला.

मग मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून एक सुई स्विचमध्ये येणाऱ्या तारेवर आणि दुसरी इंजिनकडे निघणाऱ्या तारेवर धरली. इंजिन चालू आणि फॉग लॅम्प बंद असताना ०.५ व्होल्ट, फॉग लॅम्प लावल्यावर १.४ व्होल्ट. या आकड्याचा अर्थ कसा लावावा?

सोल्डर

फार चांगली परीक्षा केलीत. ताम्हिणीचा पाऊस निर्दोष ठरला, हे याचे सर्वांत मोठे फलित आहे.

त्या दोन सुयांच्या मध्ये फक्त कपलर आणि स्विच आहे. तिथे सगळा जोड मिळून ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी घट असायला हवी. ५५ वॅटचे दोन लॅम्प म्हणजे सुमारे ९ अँपिअर. गाडीचा स्वतःचा भार पाच-साडेपाच धरला तर एकूण साधारण १४ अँपिअर. १.४ व्होल्टला १४ अँपिअरने भागले की ०.१ ओहम येतात. ०.१ ओहम हा प्रतिरोध इतका लहान आहे की साध्या मल्टिमीटरला तो स्वतःच्या सुयांच्या तारांपासून वेगळाही दाखवता येत नाही, शिट्टी तर वाजणारच. परंतु १.४ गुणिले १४ म्हणजे जवळजवळ २० वॅट उष्णता त्या एका ठिकाणी तयार होते आहे. आपण घरात वापरतो तो लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो. तसा एक आयर्न तुमच्या कपलरमध्ये अर्धा तास खोचून ठेवला आहे, असे समजा.

पुढची साखळी अशी असते. पिनची पकड थोडी सैल होते, म्हणून संपर्काचा प्रतिरोध वाढतो. प्रतिरोध वाढला की उष्णता वाढते. उष्णतेने पितळी पत्र्याचा ताण मरतो आणि पकड आणखी सैल होते. शिवाय कथिलाचा मुलामा दिलेल्या पिना गाडीच्या कंपनांमुळे एकमेकींवर केसाइतक्या घासत राहतात, आणि त्या घासण्यातून काळ्या ऑक्साइडचा बारीक थर जमतो. मूळ रचनेत ही पिन पाच-सहा अँपिअर वर्षानुवर्षे वाहून नेते. त्यावर नऊ अँपिअरची भर पडली, की हा फेरा सुरू होतो.

कपलर उघडून पिना पाहाव्यात. त्याच मापाची एक सुटी नर पिन मिळवून ती प्रत्येक मादी पिनमध्ये हाताने सरकवून पाहावी. चांगल्या पिनमध्ये ती जाताना घट्ट घर्षण जाणवते. ती अलगद आत गेली आणि अलगद बाहेर आली, तर पकड गेली.

सह्यवाट

कपलर उघडला. आठ पिनांच्या पांढऱ्या कपलरमध्ये एकाच घराभोवतीचे प्लास्टिक चहाच्या रंगाचे झाले आहे आणि त्याची एक कड वितळून आतल्या बाजूला झुकली आहे. त्या घरातली पिन बाकीच्या पिनांसारखी चकचकीत नसून निळसर-काळी पडली आहे. तुम्ही सांगितल्याप्रमाणे सुटी नर पिन घालून पाहिली; शेजारच्या घरांमध्ये ती दाबून घालावी लागते, या घरात ती स्वतःच्या वजनाने आत जाते. कपलरच्या मागे चार बोटांवर मूळ तारेचे आवरण सोलून फॉग लॅम्पची तार गुंडाळलेली आहे आणि वर नुसती चिकटपट्टी आहे. सोल्डर नाही, रिले नाही, फ्यूजही नाही.

स्विचची त्या जागेवरची नर पिनही काळवंडली आहे. आता नेमके काय काय बदलावे? ती पिन कानसने साफ करून चालेल का?

विद्युतमित्र

कानस किंवा पॉलिशपेपर लावू नये. मुलामा निघून जातो आणि उघडे पितळ आणखी लवकर काळे पडते. अशा वेळी नर आणि मादी, दोन्ही बाजू बदलाव्या लागतात. स्विचचा विजेचा भाग नवा घ्यावा. आता तो घेण्याला पुरावा आहे. कपलर तारांच्या शेपटासह मिळत असेल तर उत्तम, नाहीतर ते एक घर नव्या पिनसह बदलून घ्यावे. मूळ तारेचे तापून कडक झालेले टोक, तांबे आतून लखलखीत दिसेपर्यंत, कापून टाकावे. नवी पिन पक्कडीने चेपू नये, तिच्या मापाच्या क्रिंपिंग टूलनेच (पिन तारेवर दाबून बसवणाऱ्या हत्याराने) दाबावी. सोललेल्या जागेवरचा तो वेटोळा काढून तारेला व्यवस्थित सांधा द्यावा आणि वर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी.

काम झाल्यावर तीच व्होल्टची परीक्षा त्याच दोन ठिकाणी पुन्हा करावी. आकडा खाली आल्याशिवाय प्लास्टिक बंद करू नये.

पहाटवारा

विषय जवळचा आहे म्हणून विचारते. माझी गाडी चालताना कधीच बंद पडत नाही, पण आठवडाभर उभी राहिली की सकाळी सेल्फ नुसता टकटक करतो. बॅटरी नवी आहे. हाही संपर्काचाच दोष असेल का?

विद्युतमित्र

ताई, तुमचा दोष वेगळा दिसतो. गाडी बंद असतानाही कोणीतरी बॅटरी पीत आहे. आधी रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीचे व्होल्टेज पाहा. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास असते, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. मग इंजिन चालू करून १३.८ ते १४.४ च्या दरम्यान चार्जिंग होते का ते पाहा. ते ठीक असेल तर बॅटरीच्या ऋण तारेत अँपिअरचा मीटर जोडून, गाडीला कुलूप लावून तासभर थांबा, कारण मोड्यूल झोपी जायला वेळ घेतात. त्यानंतर ५० मिलीअँपिअरपेक्षा कमी आकडा हवा. ५० मिलीअँपिअरने दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, ते बॅटरी सोसते. पण अर्धा अँपिअर जात असेल तर ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांतच संपते. आकडा जास्त आला तर एकेक फ्यूज काढून तो कोणत्या वाटेवर खाली येतो ते पाहावे. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नये किंवा हेडलाइट लावू नये, मीटरचा फ्यूज जातो.

कोकणकाठ

सह्यवाट, माझा पाण्याचा संशय या गाडीपुरता निकालात निघाला, हे बरे झाले. ‘घाटात होते’ या निरीक्षणात घाट, धुके, धक्के आणि फॉग लॅम्प एवढ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात, हे मीही इथून पुढे ध्यानात ठेवीन.

सह्यवाट

नवा स्विच, नवी पिन आणि नवा सांधा बसला. फॉग लॅम्पची तार तिथून पूर्णपणे काढून टाकली. इंजिन चालू असताना त्याच दोन ठिकाणी आता ०.०८ व्होल्ट दिसतात. पार्किंगमध्ये तासभर इंजिन चालू ठेवून वायरमनने चहूबाजूंनी ठोकून पाहिले, तारा हलवून पाहिल्या, ड्रायरने गरम हवाही दिली. तिन्ही बल्ब अढळ राहिले. घाटातली फेरी झाली, तीही भर पावसात, आणि बल्ब एकदाही विझले नाहीत.

फॉग लॅम्प मात्र आम्हाला हवे आहेत, कारण ताम्हिणीच्या धुक्यात त्यांचा खरोखर उपयोग होतो. ते आता कसे जोडावेत?

विद्युतमित्र

चार पिनांचा रिले घ्यावा आणि तो बॉनेटखाली, पाणी उडणार नाही अशा जागी, पिना खाली येतील असा बसवावा. बॅटरीच्या धन टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून अडीच चौरस मिलिमीटरची तार रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनला. ८७ क्रमांकावरून दोन्ही लॅम्पना. लॅम्पची अर्थ पत्र्याचा रंग खरवडून, बोल्टने घट्ट आवळून द्यावी आणि वर ग्रीस लावावे. ८५ क्रमांकाला अर्थ, आणि ८६ ला डॅशबोर्डवरच्या बटणातून येणारी बारीक तार. बटणाला पुरवठा पार्किंग लाइटच्या वाटेवरून घ्यावा, म्हणजे लॅम्प विसरून चालू राहणार नाहीत. रिलेची कॉइल सुमारे ०.१५ अँपिअरच घेते, त्यामुळे बटणावर आणि त्या वाटेवर काहीच ताण येत नाही. चावीच्या स्विचला तर आता कुठलाही हात लागत नाही. जोडणी झाल्यावर लॅम्प लावून, बॅटरीच्या धन टर्मिनलपासून लॅम्पच्या पिनपर्यंतची व्होल्टची घट मोजावी. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आली तर मला आकडा कळवा.